पिंपात काय दिसतं

नाशिक रोड,
३ मार्च २००२

चि. सौ. राखी हिला सासूबाईंचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू कळवणला सुखरूप पोचल्याचं संघर्षने सांगितलं. घरात फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. अगं, फोनवर पलीकडे तू, तुझ्या शेजारी विहीणबाई, इकडे माझ्या खांद्याशी कान लावून अप्पा. असं चौघांत बोलायची मला सवय नाही. शिवाय सगळी नोकरी पोरांना पत्रलेखन शिकवण्यात गेली, आता निदान एक तरी पत्र खऱ्या माणसाला लिहावं की.

पाय सुजतात का? सुजत असले तर दुपारी उशीवर ठेवून पडत जा. पहिलटकरणीला सगळे हजार गोष्टी सांगतात, त्यातल्या दोन ऐकायच्या. विहीणबाईंच्या ऐक, माझ्या नाही ऐकल्यास तरी चालेल.

इकडे सगळं ठीक. अप्पांना निवृत्तीनंतर पेपर आणि चहा मिळाला की झालं. परवा द्राक्षांची पेटी घेऊन आले, पिंपळगावची. घरात खाणारी तीन माणसं, त्यांत एकाला मधुमेह. म्हटलं, ही संपवणार कोण? तर म्हणतात, राखी असती तर दोन दिवसांत संपली असती. खरंच आहे ते.

आता तुझ्या त्या कचरा कुजवायच्या पिंपाबद्दल. गॅलरीत जिथं ठेवलंस तिथंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. तुला जाताना हेच सांगितलं होतं, आता लेखी देते, म्हणजे पुढे गैरसमज नको. संघर्षने तुला शब्द दिलाय ना, की रोज संध्याकाळी काठीने ढवळीन, वरून सुका पाला टाकीन? तुझा नवरा शब्दाचा पक्का आहे, फक्त त्याला शब्द आठवत नाही. परवा झाकण उघडलं तर चिलटं सगळ्या घरभर. एक अप्पांच्या चहात पडलं. ते म्हणाले, ‘असू दे, तेवढीच ताकद.’ या घरात शहाणी मी एकटीच उरले आहे.

बाकी तुझं सगळं ऐकते हो. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. परवा आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका आल्या होत्या, दोरीकडे बघून म्हणाल्या, ‘सुलाबाई, दूध वाळत घातलंत की काय?’ बाजारात कापडी पिशवी नेते. भाजीवाल्याने सवयीने कोथिंबीर कॅरीबॅगेत घातली, ती काढून त्याच्या हातात परत दिली. तो म्हणाला, ‘घ्या ना मावशी, फुकट हाय.’ मी म्हटलं, फुकट हाय म्हणूनच नको. भात मोजून लावते, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो. तू मला हट्टी म्हणतेस, पण एवढं कोण ऐकतं?

आणि तुझं ते शास्त्र मला कळत नाही असंही समजू नकोस. ओला कचरा गावाबाहेर ढिगात दाबला जातो, त्याला हवा लागत नाही, मग त्यातून मिथेन निघतो, आणि तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो, कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त. घरच्या घरी हवा खेळती ठेवून कुजवलं तर तो होत नाही, कचऱ्याच्या गाड्यांचं डिझेल वाचतं, आणि मातीला खत मिळतं. पाठ आहे मला. विज्ञानाच्या बाई रोज जेवणाच्या ताटावर शिकवायला बसल्या तर पाठ नाही होणार तर काय होणार! पण पाठ असणं वेगळं आणि कुजका कचरा घरात आणून ठेवणं वेगळं. तोही मला न विचारता.

एसटी स्टँडवर तू जे बोललीस, ‘आई, घाण पिंपात नसते, मनात असते,’ त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलत नाही. गाडी सुटत होती आणि तू दोन जिवांची. ती वाद घालायची वेळ नव्हती.

समोरच्या भागीबाई सांगत होत्या, संघर्ष त्यांच्या भाच्याकडे पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची चौकशी करत होता. मी म्हटलं, ऑफिसातल्या कुणासाठी करत असेल. वीज मंडळातल्या लोकांच्या बदल्या होतच असतात. तू जाताना कपाटातले सगळे कपडे नेलेस तेही बरं केलंस, कळवणला थंडी आणि ऊन दोन्ही असतं.

लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर पाय उशीवर ठेवून झोप.

तुझी सासू,
सुलाबाई


नाशिक रोड,
२४ मार्च २००२

चि. राखी,

जय भीम.

तुझं पत्र आलं. आधी मी वाचलं, मग पुन्हा मीच वाचलं. अप्पांना अजून दिलेलं नाही, ते घरभर शोधतायत.

खरं सांगू, मला वाटलं होतं तू भांडशील. मी पदर खोचून तयार होते, उत्तरं काढून ठेवली होती. आणि तू काय केलंस, तर तब्येतीची चौकशी करून खाली एकच ओळ लिहिलीस, ‘आई, तुम्हाला त्या पिंपात काय दिसतं?’

मी चष्मा काढून ठेवला आणि तशीच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, डाळीचा पार लगदा झाला.

राखी, मला जन्मभर पुष्कळ जणांनी प्रश्न विचारले. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी विचारले, पालकांनी विचारले, ‘तुम्ही कोणत्या समाजाच्या’ हे तर घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. पण सुलाबाई, तुम्हाला काय दिसतं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. अप्पांनीही नाही. ते भले गृहस्थ, पण विचारणाऱ्यातले नव्हेत. तू विचारलंस. तुझे आभार मानते. सुनेचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, तर नसू दे.

उत्तर लगेच लिहिणार नव्हते. टाळतच होते. पण गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला.

संघर्ष कामासाठी इगतपुरीला गेला होता. पिंपात अळ्या झाल्या. मी नाकाला पदर लावून गॅलरीचं दार बंद केलं. अप्पांना काय वाटलं कोण जाणे, बाह्या वर करून गेले आणि कोपरापर्यंत हात आत घालून सगळं खालीवर करायला लागले, वर गुणगुणत. मी दार उघडलं, त्यांचे हात बघितले आणि ओरडले. कशी ओरडले ते भागीबाई अजून लोकांना सांगतायत. तांब्यातलं पाणी त्यांच्या हातांवर फेकलं, साबण आणला, त्यांचे हात माझ्या हातात धरून घासघासून धुतले. ते म्हणत होते, ‘अगं सुला, चामडी निघेल.’ मला ऐकूच येत नव्हतं. नंतर लक्षात आलं की मी रडत होते.

तर ऐक आता. माझं माहेर नामपूरच्या बाजूचं, एवढंच तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आईचं नाव ठमाबाई. आमच्या गावात आठवड्याचा बाजार भरायचा. दुसऱ्या दिवशी ते मैदान साफ करायचं काम आमच्या वस्तीकडे, आणि वस्तीत आमच्या घराकडे. सडकी वांगी, कांद्याचा पाचोळा, शेण, माणसांनी आडोशाला केलेली घाण. खराटा होता, पण ओलं असलं की खराट्याने निघत नाही, हातानेच पाटीत भरावं लागतं. आई भरायची. मी पाटी उचलायला हात लावायची. तो वास तुझ्या पिंपाला येतो, राखी. तोच, जसाच्या तसा.

या कामाला मजुरी नव्हती. संध्याकाळी गावात दारोदार जायचं. आई ओट्यापासून लांब उभी राहायची आणि हाक द्यायची, ‘भाकर वाढा माय.’ कुणी लगेच वाढायचं, कुणी मुद्दाम ताटकळत ठेवायचं, कुणी वरून टाकायचं. आईची मान खाली असायची. मी लहान, तिच्या पदराला धरून, माझी मान वर. म्हणून वाढणाऱ्यांची तोंडं मला दिसायची. अजून दिसतात.

छप्पन साली आमच्या वस्तीने धम्म घेतला आणि गावकीची सगळी कामं टाकली. त्या दिवशी आईने खराटा चुलीत घातला. आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाली, ‘हाई काम आते आपलं नई शे.’ माझे दोन्ही हात धुतले, पुसले, आणि म्हणाली की या हातांना आता खडू लागू दे, दुसरं काही नको. मग गावाने आम्हाला काम द्यायचं बंद केलं, गिरणीत दळण घेईनात. आई लांब लांब चालत जाऊन परक्या शिवारात कांदे काढायची. पण मला शाळेतून काढलं नाही तिने. वस्तीतली शिकून बाई झालेली पहिली मुलगी मी.

तेव्हापासून मी कुणाकडे काही मागत नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला गेल्याचं भागीबाईंना विचार, आठवणार नाही. सिन्नरला बदली झाली तेव्हा संघर्ष पाळण्यात होता. लोक म्हणाले, साहेबांना भेटा, विनंती करा. नाही भेटले. रोज एसटीने गेले आणि आले.

हे संघर्षला माहीत नाही. त्याला मी शिक्षण दिलं, धम्म सांगितला, आजी सांगितली नाही. वाटायचं, पोराने मान वर करून चालावं, हे ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? अप्पांचे वडील देवळालीच्या छावणीत नोकरीला होते, त्यांच्या घरात खराट्याची आठवणच नाही. तुझे तर आजोबाच मास्तर. म्हणून तुम्हा सगळ्यांना पिंपात विज्ञान दिसतं. मला त्यात माझी आई ओणवी झालेली दिसते.

घे, मिळालं उत्तर. तुला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. तुला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं, इतकं साधं आहे ते. लिहून मात्र फार हलकं वाटलं. आता दुपारी झोप लागेल.

संघर्ष काल फोनवर कुणाला तरी ‘ताबा कधी मिळेल’ असं विचारत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवली, ऐकू येऊ नये म्हणून.

पोटातलं कसं आहे? लाथा मारतं का? मारू दे. आपल्याकडचं आहे, गप्प बसणार नाही.

तुझी,
सुलाबाई


नाशिक रोड,
१७ एप्रिल २००२

चि. राखी, आणि जिचं नाव अजून ठरायचंय ती, दोघींना माझा जय भीम.

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा अप्पा आंघोळीला बसले होते. मी दारातूनच ओरडले, ‘मुलगी झाली!’ तर ते तसेच, अंगावर साबण, टॉवेल गुंडाळून बाहेर. पेढे त्यांनी स्वतः वाटले, खोक्यातून नाही, प्रत्येकाच्या हातावर. म्हणे, राखीला खोकी आवडत नाहीत. संघर्ष तर तुझ्याकडे पोचलाच आहे, त्याचं तोंड कसं झालंय ते तूच बघतेस. तू बरी आहेस, टाके दुखत असतील, पण बरी आहेस, हे ऐकल्यावर मी आधी खाली बसले. मग बाकीचं सुचलं. राखी, तू आमच्या घराला केवढं दिलंस गं!

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर राहिलंय. रागावू नकोस. उत्तर द्यायचं तर आधी बरंच काही करायचं होतं.

तू लिहिलंस, ‘पिंप आजच काढून टाका. मी संघर्षला सांगितलंय. पृथ्वीसाठी मी दुसरं काहीतरी करीन, तुम्हाला रोज तो वास नको.’ हे मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. माझ्यासाठी कुणी आपला हट्ट सोडलाय, असं माझ्या आठवणीत नाही. आणि तुझा हट्ट काय साधासुधा? लग्नात अक्षतांना तांदूळ वाया घालवायचे नाहीत म्हणून फुलांच्या पाकळ्या आणायला लावणारी मुलगी तू. तू सोडलास, तोही एका शब्दाने न चिडता. त्याचंच मला फार वाटलं.

तर पिंप काढायचं ठरलं. महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी घंटागाडीची घंटा वाजली. संघर्ष आणि अप्पांनी मिळून ते जिन्यावरून खाली नेलं. मी मागे मागे, खरंच देतायत ना ते बघायला. गाडीवर निवृत्ती होता, तू ओळखतेस त्याला, बारा महिने गळ्यात मफलर असतो तो. त्याने आपल्या बिल्डिंगच्या बादल्या उपड्या केल्या आणि हाताने बाटल्या, काचा, प्लॅस्टिक वेगळं करायला लागला. उघडा हात, राखी. विटलेली आमटी, भात, दाढीची ब्लेडं, सगळं एकात एक. बोटाला चिंधी बांधलेली. मी विचारलं, ‘काय झालं रे हाताला?’ तो म्हणाला, ‘काच लागली बाई. लागतीच. रोजचंच हाय.’

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं मी बादली दारात ठेवत होते आणि दार लावून घेत होते. आईने खराटा जाळला, मी खडू धरला, आमचे हात सुटले. पण काम कुठं संपलं होतं? ते निवृत्तीच्या हाताला लागलं, एवढंच. आईला कचऱ्याने खाली वाकवलं असं मी जन्मभर धरून बसले होते. कचरा काय करणार बिचारा! ज्यांनी केला त्यांनी उचलला नाही, म्हणून ती वाकली.

मी म्हटलं, ‘पिंप वर न्या.’

संघर्ष म्हणाला, ‘आई, आत्ता खाली आणलंय!’

‘मग काय झालं? तरणाताठा आहेस. ने वर.’

अप्पा जिन्यात बसून हसत होते.

वर आल्यावर मी गॅलरीत गेले, झाकण काढलं आणि हात घातला. हो, मी. वरचं ओलं होतं, अंगावर काटा आला. खाली मात्र गरम लागलं. तू मला सगळं विज्ञान सांगितलंस आणि ते आतून गरम असतं हे सांगायची राहिलीस. मूठभर बाहेर काढलं तर काळं, भुसभुशीत, शेतातल्या मातीचा वास. आईची फार आठवण आली. पण त्या दिवशी पहिल्यांदा ती पाटी भरताना नाही दिसली, मळ्यात कांदे काढताना दिसली, हक्काच्या मजुरीने. मी भरपूर रडून घेतलं. अप्पांनी चहा आणून ठेवला.

आता ढवळायचं काम माझ्याकडे. संघर्षला कामावरून काढून टाकलंय.

तुझा मिथेन मला दिसत नाही, पण ऊन दिसतं. यंदा एप्रिल अर्धा सरतोय तोवर डांबर चपलेला चिकटायला लागलं. मी मात्र सुरुवात त्या चिंधी बांधलेल्या बोटासाठी केली, हे तुला खरं सांगते. तू वरच्या हवेसाठी कर, मी खालच्या हातांसाठी करते, दोन्हीला पिंप एकच लागतं. आणि परवापासून तर तुझं कारणही माझंच झालंय. ती पोर माझ्या वयाची होईल तेव्हा उन्हाळा कसला असेल, हा विचार आता माझ्या डोक्यातून जात नाही.

जयंतीची गंमत सांगायची राहिली. दरवर्षी चौदा एप्रिलला विहारात गावजेवण होतं आणि मागे थर्माकोलच्या ताटांचा डोंगर उरतो, अर्धवट खाल्लेल्या पुऱ्यांसकट. मग कुणीतरी तो पेटवून देतं आणि दोन दिवस कॉलनी खोकते. या वर्षी मी आधीच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, प्रत्येकाने घरून ताट-वाटी आणायची, हवं तेवढंच वाढून घ्यायचं, आपलं ताट आपण धुवायचं, आणि ओलं विहाराच्या मागे पिंपात. तर आपले अध्यक्ष पुंजाराम, तुला माहीत आहेत, आवाज चढवून म्हणाले, ‘बाई, जयंतीच्या दिवशी आमच्या लोकांना खरकटं उचलायला लावता? याच्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं का?’

अगं, माझंच भांडण माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. तुझ्याशी केलेलं, जसंच्या तसं.

मग मी ठमाबाईची गोष्ट सांगितली. सगळी. बाजाराचं मैदान, पाटी, ओटा, भाकरी. सांगून झाल्यावर म्हटलं, आपलं ताट दुसऱ्याने उचलावं असं वाटायला लागलं तर आपण त्या ओट्यावर जाऊन बसलो, आणि मला तिथं बसायचं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. पुंजारामांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, ‘माझी आजी पण. उमराण्याला.’ मागून एकजण म्हणाला, आमची पण. मग एकेक जण बोलायला लागला. जयंतीचा हिशेब, मंडप, बँड, सगळं राहिलं बाजूला. त्या बैठकीत नुसत्या आज्याच आज्या होत्या. संघर्ष शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. घरी येताना त्याने माझा हात धरला. शाळेत पोचवायचे तेव्हासुद्धा धरू द्यायचा नाही, दगड.

जयंती झोकात झाली. ताटं काय वाजली म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी निवृत्ती गाडी घेऊन विहारापाशी आला, इकडे तिकडे बघितलं आणि मला विचारतो, ‘बाई, जयंती पुढं ढकलली का?’

आता, जे मागच्या दोन पत्रांत भाजीबरोबर शिजवून टाकलं ते.

फ्लॅटचं मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात ताबा, आणि तू बाळाला घेऊन कळवणहून थेट तिकडेच उतरणार, हेही. संघर्षने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वेगळं राहण्यात गैर काही नाही. तुम्ही कमावते आहात. मी तुला लिहिलंही होतं की खुशाल जा, आमची काळजी करू नका, येऊन-जाऊन असूच. पान भरून छान अक्षरात लिहिलं होतं. मग फाडून टाकलं. धडधडीत खोटं होतं ते.

खरं सांगते. सकाळी तुमची शाळेची, ऑफिसची घाई, तू डबा विसरणार, मी जिन्यात धावणार, आपण दोघी एकमेकींवर ओरडणार, हे मला हवं आहे. घर शांत झालंय आणि ती शांतता मला सोसत नाही. पोरीला मांडीवर घेऊन मला तिच्या पणजीचं नाव सांगायचंय. आणि तू मला लागतेस. तू प्रश्न विचारतेस. या वयात मला कुणी नवीन काही शिकवेल असं वाटलं नव्हतं, तू शिकवलंस, आणि मी चुकले तरी मला सोडून दिलं नाहीस.

तू नाही म्हणालीस तरी माझी माया तसूभर कमी होणार नाही, एवढं धर मनाशी. तुझ्यावर जोर नाही. पण न सांगता राहिले तर तुला कळणार कसं?

आईला दारोदार उभं राहिलेलं बघितलं त्या दिवसांपासून मी ठरवलं होतं की आपण कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. राहिले नाही. साहेबाच्या नाही, शेजाऱ्याच्या नाही, सख्ख्या मुलाच्याही नाही. आज तुझ्या दारात उभी आहे, राखी, मान वर करून.

पोरीला घेऊन आपल्या घरी ये.

मी मागते आहे.

तुझी,
सुला